चांदवाडी पाच महिने थांबली

भिमाजीची गोष्ट काढली की नात म्हणते, "आजोबा, आज तरी थोडक्यात!" बघू जमतं का.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पाथर्डीकडच्या गावात पाझर तलावाचं काम निघालं. भिमाजी आमच्याच टोळीत खडी फोडायचा. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण चावडीवरच्या रेडिओत चंद्रावर माणूस उतरल्याचं ऐकलं आणि त्याचं डोकं तिकडंच राहिलं. दुपारी सुकडी खाऊन झाली की बाभळीखाली चुन्याच्या फक्कीने चौकटी आखायचा आणि म्हणायचा, "चला चांदवाडीला!"

चांदवाडी म्हणजे चंद्रावर वसवलेलं आमचं गाव. एकेकाची एक चौकट, तेच त्याचं घर. झुंबरबाई तिथं सरपंच. खऱ्या गावात तिला चावडीची पायरी माहीत नव्हती. मी अग्निबाणाचा ड्रायव्हर. खऱ्या जन्मात सायकलसुद्धा नव्हती. सहादेव विहीर खोदायचा. चार फोडलेले चिंचोके टाकायचे, किती पांढरे पडले ते बघून पुढं काय घडलं ते भिमाजी सांगणार. दुसऱ्या कुणी सांगायचं नाही, हा कायदा. विहीर सहा पुरुष खोल गेली होती, पाण्याचा पत्ता नव्हता.

दिवाळीनंतर सहादेव ऊसतोडीला कोल्हारकडं निघाला. निघताना भिमाजीला म्हणाला, "बापू, मी येस्तवर चांदवाडी थांबवा."

"का रं?"

"दरसाली हेच हुतं. परत यावं तर भनीचं लगीन उरकल्यालं, जत्रा हून गेल्याली, म्हातारा गेल्याला. समदं माझ्या माघारी. येक तरी गाव माझ्यासाठी थांबू द्या."

झुंबरबाई उखडली. "आन् आमी पाच महिने तहानलेलंच ऱ्हायाचं व्हय?"

भिमाजीने तिचं ऐकलं नाही. आमच्याकडं तोडीला जाताना दाराला बाभळीची काटी लावून जातात. तशी एक काटी त्याने सहादेवच्या चौकटीवर ठेवली. वारा फक्की उडवायचा, हा रोज जुन्याच रेघा पुन्हा आखायचा. ना चिंचोके, ना गोष्ट. माणसं कंटाळली, पलीकडच्या बाभळीखाली पत्ते कुटायला लागली. मीही गेलो, खोटं कशाला बोलू! झुंबरबाई जाता-येता टोमणा मारायची, "काय बापू, उगवला का चांदवाडीत सूर्व्या?"

"न्हाई अजून. इहिरीचं मालक गावाला गेल्यात."

चैत्रात सहादेव आला तो थेट बाभळीखाली. काटी बघितली, जुन्याच रेघा बघितल्या आणि खालीच बसला.

"बापू, खरंच थांबिवलं व्हय?"

"शबूद दिल्ता न्हवं."

सहादेवने मान खाली घातली. "चुकी झाली. थांबवा म्हनलो, पर तितं मलाच दम निघंना. पाचटाच्या कोपीवर तोडीच्या टोळीला रोज चांदवाडी सांगत गेलो. आठव्या पुरसाला पानी लागलं, त्याला बी दोन महिने झालं."

पत्ते थांबले. पाच महिने या गड्यासाठी भिमाजीने सगळे सवंगडी घालवले होते, आणि गड्याने कायदा मोडून गाव पुढं नेलं होतं. आता हा चिंचोके फेकून देतो की काय, असं मला वाटलं.

भिमाजीने ते फेकले नाहीत. सहादेवच्या हातात दिले आणि खदाखदा हसला. "म्हंजी या खेपेला मागं ऱ्हायलो ते आमी! आता तूच सांग गड्या, आमच्या माघारी काय काय झालं?"

सहादेव पुढं झाला. मग काटी उचलून बाजूला टाकली आणि आपल्या चौकटीत मांडी घालून बसला.

सगळ्यांत आधी झुंबरबाई सरकली. "माझ्या दारात नळ आला का न्हाई, ते पयलं सांग."

"आला की, सरपंच! गावात पयला तुमच्याच."

मी पत्ते टाकून आलो. म्हटलं, आता कुठं बसावं? खाली बघतो तर माझी चौकट जागेवर होती. मी पलीकडं पत्ते कुटत होतो तेव्हा माझ्याही चार रेघा तो माणूस रोज आखत होता.