कांद्याची खोली

आमच्या गावाला सत्काराची भारी हौस. नवीन शिक्षक एसटीतून उतरायचा अवकाश, की हलगी, फेटा, शाल, नारळ! बाकी जगात नारळ देऊन माणसाला घालवतात. आमच्याकडं नारळ दिला की माणूस टिकतो, अशी समजूत. खर्ड्याजवळच्या या दोनशिक्षकी शाळेचा मी मुख्याध्यापक. माझ्यासमोर कितीतरी नारळ दिले गेले, टिकलं कुणीच नाही.

यंदा जूनमध्ये कोपरगावकडच्या एक तरुण बाई आल्या. पहिलीच्या पोरांना त्यांनी वर्गातून उठवलं आणि गावातल्या पाट्या वाचायला नेलं. दसऱ्यापर्यंत सगळी पहिली पिठाच्या गिरणीची पाटी घडाघडा वाचायला लागली. म्हटलं, सुटलो बुवा! काही झालं तरी ह्यांना जाऊ द्यायचं नाही. राहायची त्यांचीही तयारी होती, फक्त गावात एक खोली हवी होती. जामखेडहून येणारी एसटी कधी यायची, कधी नाही. बाई फाट्यापासून चालत, घामाघूम होऊन पोचायच्या.

खोलीसाठी मी दारोदार हिंडलो. 'एकट्या बाईला कशी द्यायची?' म्हणून कुणी टाळलं, कुणी नुसता चहा पाजला. शाळेसमोरच्या आक्कांची मागची खोली चांगली होती, नळ-संडाससकट.

"आक्का, द्या की हो. तुमचीच नात त्यांच्या वर्गात आहे."

"देते की, सर. पन कांदा भरलाय ना तिथं. भाव आला की काढतो."

दर आठवड्याला हेच. माझं डोकं फिरायचं. कांद्याला वारा लागतो, सावली लागते, सगळं कळतं ह्यांना! बाईनं कुठं राहायचं, तेवढं कळत नाही.

दिवाळीनंतर बाईंनी घराजवळच्या शाळेत नोकरी धरली. "सर, मी थांबले असते हो," एवढंच म्हणाल्या. त्यांच्यावर रागावताही येईना.

निरोपाला परत फेटा, शाल, नारळ. आक्कांनी ओटी भरली आणि बाईंना पोटाशी धरून रडल्या. नात पदर सोडेना. एसटी गेल्यावर मला राहवलं नाही. "आक्का, आता रडून काय उपयोग? खोली दिली असती तर राहिल्या असत्या त्या!"

आक्कांनी डोळे पुसले.

"खोली मोकळीच हाय की आता. कांदा गेला परवा. दुसऱ्या बाई आनायच्या तर लवकर आना, सर. उन्हाळ्यात नवा कांदा यील."