जैतुनबीचं गुलाबी गवत

खुलताबादच्या घाटात सांडूला जैतुनबी पहिल्यांदा भेटली, तेव्हा ती दिसलीच नाही. दिसला तो डोंगर. वेरूळच्या रांगेतला एखादा डोंगर अंगात लेणी कोरून घ्यायला कंटाळून पळून निघावा, तसा तो रस्त्याच्या कडेनं चालला होता. मधूनच शिंकत होता आणि प्रत्येक शिंकेनंतर अल्लाचं नाव घेत होता. गाडीचे बैल अदबीनं थांबले. सांडूनं खाली उतरून वहाणा काढल्या आणि हात जोडले. तेवढ्यात डोंगराच्या बुडातून आवाज आला, "भाऊ, पाया मागून पडा. आधी वझं उतरवा."

गवताच्या वझ्याखालून पन्नाशीची, वीतभर उंचीची बाई निघाली. तिचा नवरा इब्राहीम रंगरेज. तीन पिढ्या त्यांच्या घरानं लुगडी नि पटके रंगवले. मग गिरणीची छापील लुगडी आली आणि रंगाची डेग थंड पडली. इब्राहीम ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला जुन्या रंगांच्या आठवणी सांगू लागला. जैतुनबीला आठवणी नको होत्या, तिला डेग उकळायला हवी होती. औरंगाबादच्या एका नव्या हॉटेलच्या मॅनेजरनं फुलदाण्यांसाठी रंगीत गवताच्या चाळीस जुड्या मागितल्या होत्या. पसंत पडल्या, तर दर हंगामाला घेणार होता.

सांडूच्या नाल्याकाठी तेच पांढऱ्या तुऱ्यांचं गवत माजलं होतं. शहरातले लोक ते पैसे देऊन घरात ठेवतात, हे ऐकून तो आठवडाभर हसला आणि मग विळा घेऊन मदतीला गेला. तुरा पुरता उमलायच्या आत कापायचा, नाहीतर कापसासारखा उडून जातो. रंगवल्यावर सावलीत उलटा टांगायचा, कारण उन्हानं रंग विटतो. आसपासची सगळ्यात मोठी सावली म्हणजे सांडूचा गोठा. बैलांकडं बघून जैतुनबी कचरली.

"भाभी, बिनघोर राहा," सांडू म्हणाला. "दुष्काळात बी त्यांनी ह्याला तोंड लावलं नाय."

मग जैतुनबीनं तीन पिढ्यांच्या रिवाजाप्रमाणं डेगीत ओंजळी ओंजळीनं मीठ टाकलं, जुड्या गर्द गुलाबी रंगात बुडवल्या आणि गोठ्यात टांगल्या. देठ वर, तुरे खाली, अगदी बैलांच्या तोंडाशी.

सकाळी अकरा जुड्या उरल्या होत्या. दोन्ही बैल नवरदेवासारखी गुलाबी तोंडं घेऊन समाधानानं रवंथ करत होते. सांडूची बायको चतुराबाई दारात उभी राहून म्हणाली, "पोळा होऊन दोन महिने झाले. आता थोबाडं रंगवायची नवी रीत काढली व्हय?"

जैतुनबी आली. तिनं एक काडी चाखली आणि गव्हाणीवर मटकन बसली. सांडूनंही एक काडी चाखून कपाळावर हात मारला. दर अमावास्येला बैलांना मिठाचा खडा चाटवणारा तो स्वतःच.

"रंगरेजाच्या घरची मी," ती म्हणाली. "मिठाबिगर रंग देणं मला ठावंच नाय."

"आन मी शेतकरी. तुमी ओंजळी टाकत होत्या अन् मी बघत बसलो."

मॅनेजरला जुड्या द्यायला पाच दिवस उरले होते. सांडू पुन्हा नाल्यात उतरला. बातमी ऐकून इब्राहीम कित्येक वर्षांनी ओट्यावरून उठला, आठवणी अर्ध्यावर टाकून डेगीशी आला आणि मिठाऐवजी तुरटी घालायला लावली. या खेपेला जुड्या सांडूच्या माजघरात टांगल्या आणि घरच्यांची अंथरुणं गोठ्यात गेली. चतुराबाई त्यावर काय बोलली, ते सांडूनं कुणालाही सांगितलं नाही.

मॅनेजरला जुड्या एवढ्या पसंत पडल्या, की त्यानं पुढच्या हंगामाला ऐंशी मागितल्या. डेग उकळू लागली. जैतुनबीचे हात कोपरापर्यंत गुलाबी राहू लागले आणि ते झाकायचं सोडून ती बाजारात ते मुद्दाम हलवत चालू लागली.

चार वर्षांनी हॉटेलनं गवताऐवजी प्लास्टिकची फुलं घेतली आणि डेग पुन्हा थंड पडली.