वहिनीसाठी लॅपटॉप निवडताना

दादाचा फोन आला तेव्हा मी तळेगावला, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होते. मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं आणि मी कुणाचा तरी अडकलेला प्रिंटर उघडून बसले होते. "वैशू, निघ आता," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "त्रास वाढलाय का?" तो म्हणाला, "नाही गं. त्रास थांबला." मी हातातला कागद तसाच धरून उभी राहिले. अलकावहिनी जाणार हे आम्हाला वर्षभर माहीत होतं. तिलाही माहीत होतं. आधीपासून माहीत असलं म्हणजे ओझं थोडं हलकं होतं, असं लोक सांगतात. मला तसं काही झालं नाही. आज इतके आठवडे उलटले, तरी नाही.

वहिनी सुदुंबऱ्याची, शेतकऱ्याघरची. लग्न होऊन आमच्याकडे कुसगावला आली तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरात सगळे हळू बोलणारे, आणि ही परसातून हाक मारायची ती रस्त्यावर ऐकू जायची. आई सुरुवातीला दचकायची, मग तिला त्या आवाजाची इतकी सवय झाली की वहिनी माहेरी गेली की आई म्हणायची, घर बहिरं झाल्यासारखं वाटतं. दादा कारखान्यात, पाळ्यांची नोकरी. दिवसभर घरात एकटी बसणं वहिनीच्या स्वभावात नव्हतं. आमच्या आजूबाजूला पुण्या-मुंबईच्या लोकांचे बंगले झाले, शनिवार-रविवार तिथे पाहुणे येऊ लागले, तेव्हा तिने त्यांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली. पिठलं, भाकरी, गावरान कोंबडीचा रस्सा. डब्यांवरून ओळखी वाढल्या, आणि हळूहळू बंगल्यांच्या मालकांनी किल्ल्याच तिच्याकडे सोपवल्या. बुकिंग घ्यायचं, साफसफाई करून घ्यायची, पाहुणे आले की हवं-नको बघायचं. मोठमोठ्या गाड्यांतून उतरलेल्या माणसांशीही ती आमच्याशी बोलायची तशीच बोलायची. "लाईट गेली तर घाबरायचं न्हाई, आमी हितंच हाओत." परत जाताना पाहुणे जेवणाबरोबर तिच्या बोलण्याचीही आठवण काढायचे.

हा सगळा कारभार मोबाइलवर चालायचा. फोटोंनी मोबाइल भरला की ती फोटो पुसायची, आणि नेमके हवे असलेले पुसले जायचे. कंपनीचे लोक राहून गेले की त्यांना छापील बिल लागायचं, ते मी तळेगावहून करून पाठवायचे. एकदा दिवाळीला गेले तर तिने मला चुलीपाशी बसवलं आणि म्हणाली, "वैशू, मला लॅपटॉप घ्यायचाय. तू त्यातली हाईस, तू सांग कुठला." मी विचारलं, कशाकशासाठी हवा ते आधी सांग. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. बिलं, बुकिंग, बंगल्यांचे फोटो, पुण्याला हॉस्टेलवर असलेल्या लेकीशी, ऋतुजाशी, मोठ्या पडद्यावर बोलणं. मग आवाज पहिल्यांदाच खाली आणून म्हणाली, "आन् पत्ते. ते एकट्यानं लावायचे पत्ते असत्यात ना, ते. आन् एक पिच्चर कुणी मधी न उठवता बघायचाय मला." दादा बाहेरून ओरडला, "म्हणजे स्वयंपाक बंद?" तर ही म्हणाली, "व्हय. तुमी शिका आता."

मी उत्साहाने कामाला लागले. आकडे भरायचे म्हणून उजवीकडे आकड्यांच्या वेगळ्या कळा हव्यात, फोटो नीट दिसावेत म्हणून पडदा मोठा हवा, वीज जाते म्हणून बॅटरी टिकणारी हवी, आणि गावात दुरुस्तीला माणूस मिळेल असा हवा. आम्ही दोघी चिंचवडला दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याला तिने घाम फोडला. तो प्रोसेसरबद्दल बोलायला लागला की ती म्हणायची, "ते ऱ्हाऊ द्या, पत्ते चालत्यात का?" शेवटी एक पसंत पडला. "उचलून बघा ना मॅडम, मोठा असून किती हलका आहे," असं म्हणून त्याने तो तिच्या डाव्या हातात दिला. आणि तो निसटला. मी खालून झेलला म्हणून वाचला. वहिनी आपल्या हाताकडे बघत राहिली. "घामानं वला झालाय हात," म्हणाली. हात कोरडा होता… खरेदी न करताच आम्ही बाहेर पडलो. रसवंतीवर रस घेताना तिने ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

नंतर तपासण्या सुरू झाल्या. मणक्यातली नस दबली असेल, जीवनसत्त्व कमी असेल, असं एकेक जण सांगत गेला. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून शांतपणे सांगितलं. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. हात, पाय, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास. डोकं बहुधा चांगलं राहतं. औषधाने वेग थोडा कमी होईल, आजार मागे फिरणार नाही. दादा जमिनीकडे बघत होता. ऋतुजाने आईचा पदर मुठीत धरला होता. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मी लॅपटॉप घेऊ का नको?" मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "घ्या. आणि तुम्हाला पुढे काय जमेल, ते बघून घ्या." त्या वाक्याचा अर्थ आम्हाला घरी पोचेपर्यंत कळला नव्हता.

तिथून पुढचे महिने मी जे केलं, त्याला लॅपटॉप निवडणं म्हणायचं तर म्हणावं. मोठा पडदा आणि आकड्यांच्या कळा मी सोडून दिल्या आणि हलक्यातला हलका शोधू लागले. तो सापडेपर्यंत तिला उचलणंच बंद झालं होतं. मग वजनाला अर्थ उरला नाही, कळा मऊ हव्या झाल्या. मऊ कळांचा एक लॅबमधून वापरून बघायला नेला, तर बोट कळेवर ठेवता येत होतं पण उचलता येत नव्हतं; पडद्यावर एकच अक्षर ओळीच्या ओळी भरून उमटत गेलं. मग बोटाने नुसता स्पर्श केला की चालेल असा पडदा… तोवर हात मांडीवरून वर येईना. दर वेळी आम्ही एक पायरी खाली उतरून निवड करायचो, आणि आजार त्याच्याही खाली जाऊन थांबलेला असायचा. वहिनी एकदा म्हणाली, "तू दुकानात जातीस तवर मी बदलून जाती." तिला हे गमतीत म्हणायचं होतं. पण तेव्हा तिचे शब्द जड व्हायला लागले होते, आणि ते वाक्य मला तिला पुन्हा म्हणायला लावावं लागलं.

बोललं की आपोआप टाइप होतं, ती सोयही बघितली. ती "पाणी" म्हणाली की पडद्यावर भलतंच काही उमटायचं. यंत्राला तिची बोली कळत नव्हती, की तिची जीभ, कोण जाणे. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, मोठ्याने, आणखी मोठ्याने. ज्या आवाजाने आमचं घर भरायचं, तो आवाज एका शब्दासाठी धडपडत होता, आणि दादा, ऋतुजा नि मी पडद्याकडे बघत होतो. तिच्याकडे बघायची छाती कुणाला झाली नाही.

शेवटी वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंनी डोळ्यांवर चालणाऱ्या यंत्राबद्दल सांगितलं. लॅपटॉपच्या खाली एक पट्टी बसवतात, ती डोळ्यांची हालचाल टिपते. पडद्यावरच्या ज्या अक्षरावर नजर थांबेल ते उमटतं, आणि वाक्य झालं की यंत्र ते मोठ्याने बोलून दाखवतं. ती पट्टी चालेल असा लॅपटॉप मात्र मी लगेच घेतला. आता निवडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वहिनीच्या पलंगाला आडवं टेबल लावलं. ऋतुजा कॉलेज सोडून घरी आली होती, तिनेच सगळं जोडलं. वहिनीने किती तरी वेळ घेऊन पहिलं वाक्य लिहिलं आणि यंत्र बोललं, "चहा घेतला का सगळ्यांनी?" बातम्या देणाऱ्या बाईसारखा स्वच्छ, गुळगुळीत आवाज. दादा टाळ्या वाजवणार होता, पण वहिनीचा चेहरा बघून थांबला. तिने परत लिहिलं, "ही कोण बया?" आणि मग, "आमी असं बोलत न्हाई." त्या बयेने "न्हाई" असं काही विचित्र उच्चारलं की वहिनी हसायला लागली. त्या आजारात हसू सुरू झालं की थांबत नाही, आणि कधी रडण्यात शिरतं ते कळत नाही. ऋतुजाने तिचं तोंड पुसलं. त्यानंतर वहिनी शुद्ध लिहू लागली. यंत्राला समजेल असं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने आमच्यासाठी जी बोली सोडली नव्हती, ती त्या यंत्रासाठी सोडली.

काही दिवस तिने बंगल्यांचं कामही केलं. डोळ्यांनी. पाहुण्यांना कुणाशी बोलतोय हे माहीत असायचं कारण नव्हतं. "खोली आहे." "हो." "दुपारी या." एवढं लिहूनही ती थकायची. मग एका पाहुण्याने सगळ्यांना दिसेल असा शेरा लिहिला: जागा छान, पण बाई तुसड्या आहेत, एका शब्दात उत्तर देतात. वहिनीने तो वाचला. संध्याकाळपर्यंत ती उत्तर लिहीत होती, पुसत होती. शेवटी पडद्यावर एकच शब्द राहिला, "क्षमस्व". तोच तिने पाठवला. पुढच्या महिन्यात मालकांनी किल्ल्या नेल्या. वाईट कुणीच बोललं नाही. एकाने येताना फळं आणली होती, जी तिला गिळता येणार नव्हती.

पत्ते मात्र ती खेळली. दुपारच्या वेळी डोळ्यांनी एकेक पान सरकवत. पिक्चरही लावला आम्ही, पण दर थोड्या वेळाने घशातली लाळ ओढून काढावी लागायची. मधे कुणी न उठवता बघायचं काही जमलं नाही.

श्वास अपुरा पडू लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं मशीन लावायचं का. त्यावर किती काळ काढता येईल ते सांगता येत नाही, पण काढता येईल. दादाने घरी येऊन तिला समजावलं. म्हणाला, "नोकरी सोडतो, मी इथेच बसतो, तू फक्त हो म्हण." वहिनीची नजर पडद्यावर फिरली. यंत्र म्हणालं, "नको." दादा लॅपटॉपवरच ओरडला, "तू गप बस! मी तिला विचारतोय!" त्याने लॅपटॉप बाजूला ढकलला आणि तिचा चेहरा हातात धरला. "तू सांग. तू स्वतः सांग." तिने सांगायचा प्रयत्न केला. घशातून नुसता एक आवाज आला. तिने डोळ्यांनी लॅपटॉपकडे खूण केली. ऋतुजाने तो परत समोर आणला. त्यावर तिने लिहिलेलं वाक्य मला शेवटपर्यंत पुरेल. "अवो, मीच बोलतीया. आवाज तेवढा दुसरीचा हाय." बयेने वाचताना त्याचा चुराडा केला. पण ते आम्ही पडद्यावर बघत होतो, तिच्याच शब्दांत. दादाने पुन्हा तो विषय काढला नाही.

ती गेली त्या दुपारी पडदा बंदच होता. शेवटच्या दिवसांत तिला तोही नकोसा झाला होता.

परवा रविवारी मी कुसगावला गेले. वाचा-उपचारवाल्या बाईंचा फोन आला होता. त्याच आजाराचा परंदवडीचा एक माणूस तसल्या यंत्राची वाट बघतोय. मी दादाला भीत भीत सांगितलं. तो म्हणाला, "ने की. त्याच्याकडे वेळ कुठे आहे." फडक्याने त्याने पडदा पुसला आणि एकदा चालू करून बघू म्हणून वहिनीच्या जागी, पलंगासमोर लॅपटॉप घेऊन खुर्चीवर बसला. पडद्यावर प्रश्न आला: वापरणारी व्यक्ती बदलली आहे का? डोळ्यांचं नवं माप घ्यायचं का? आधीचं माप पुसलं जाईल. दादा त्या प्रश्नासमोर बसून राहिला. मी म्हटलं, "ते लोक करतील दादा, राहू दे." तो म्हणाला, "परक्यानं कशाला पुसायचं?" आणि त्याने "हो"वर बोट ठेवलं. ठिपके येऊ लागले. या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, मधे. तो शहाण्या मुलासारखा एकेका ठिपक्याकडे बघत राहिला. डोळे भरून येत होते, तरी यंत्राने माप घेतलं.

मग रोज लागणाऱ्या वाक्यांचं पान उघडलं. दादा ती वाक्यं वाचत होता. एकावर त्याची नजर थोडी जास्त थांबली असावी, कारण ती बया स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला कुशीवर वळवा."

दादा उठला. लॅपटॉप माझ्या हातात देऊन, बाह्या सारत, तो पलंगापाशी गेला. वाकला. गादी आम्ही केव्हाच गुंडाळून ठेवली होती. उघड्या फळ्यांवर दोन्ही हात टेकून तो तसाच वाकून उभा राहिला, आणि मला त्याला हाक मारता येईना.