तोंडाला तोंड लावलेली मडकी

बहात्तरच्या दुष्काळात, प्रवरेकाठच्या बंधाऱ्यावर मी मजुरांची हजेरी घ्यायचो. घराण्यातला पहिला बी.ए., तोही इतिहासाचा. एका बाईला टेकाड खोदताना तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी सापडली. आत तान्ह्या मुलाची हाडं होती.

"टाक भरावात," मुकादम म्हणाला.

ती पदर खोचून मडक्यांपुढं फतकल मारून बसली.

मी माझं शिक्षण काढलं. "बाई, हे तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा मेलेलं मूल घरातच पुरायचे. संग्रहालयात नीट ठेवतील."

"सायेब, आईनं घरात ठिवलंय ना त्याला? मग तुमी कोन हलवनार?"

"हिचा खाडा मांडा," मुकादम माझ्यावर खेकसला.

"मांडा की," म्हणत ती ओंजळीनं मडक्यांवर परत माती लोटू लागली.

मी तिचा पूर्ण दिवस मांडला. संग्रहालयाला आजवर कळवलेलं नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.