पैलवानाचा रुसवा

पत्रेकाकांचं सगळं आयुष्य पत्रा ठोकण्यात गेलं. डबे, नरसाळी, छपराच्या पन्हाळी. दिवसभर हातोडी पडायची आणि दुकानभर दणदणाट व्हायचा. त्या दणदणाटाने हळूहळू त्यांचे कान नेले. दुकान पुतण्याच्या हवाली करून ते घरी बसले तोवर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे घसा फोडावा लागे. काकू म्हणायच्या, "या घरात माझं बोलणं फक्त शेजाऱ्यांना ऐकू येतं."

घरात एक कुत्रा होता. सुनेने रस्त्यावरून उचलून आणलेला, छातीने रुंद, म्हणून नाव पडलं पैलवान. पण काळीज सशाचं. मिक्सर सुरू झाला की शेपूट पोटाखाली. वॉशिंग मशीन शेवटी गरगरायला लागलं की अंग थरथरायचं. व्हॅक्यूम क्लीनर तर कपाटातून नुसता बाहेर काढला तरी स्वारी धूम ठोकायची, ती थेट काकांच्या खुर्चीखाली. काका पेपर बाजूला ठेवत, वाकून त्याच्या मानेभोवती हात टाकत, त्याच्या डोक्याला गाल लावत आणि म्हणत, "कसला आवाज? मला तर काही ऐकू येत नाही!" त्याला काय पटायचं कोण जाणे, पण थरथर थांबायची.

मग मुलाने हौसेने कानाचं यंत्र आणलं. काका हरखून गेले. नळ टपटपतोय, पंखा कुरकुरतोय, सगळं नवंच. "अगं, तू दिवसभर एवढं बोलतेस?" असंही त्यांनी काकूंना विचारून घेतलं.

त्याच आठवड्यात काकूंनी मिक्सर लावला. पैलवान धावत खुर्चीखाली आला. काकांनी नेहमीसारखा वाकून गाल लावला, तर त्याने केवढ्याने केकाटून मान सोडवली आणि बाथरूममध्ये जाऊन भिंतीला तोंड लावून बसला. काकांना वाटलं, चुकून पाय पडला असेल. पण पुन्हा तसंच झालं. मग तर पैलवान त्यांच्या खोलीतच येईना. मिक्सर सुरू झाला की खोल्यांमधल्या बोळात उभा राही, मागे मिक्सर, पुढे काका, आणि मधे बिचारा जागच्या जागी कापत.

काका खट्टू झाले. त्यांनी बिस्किटं पुढे केली, साबण बदलला, डोक्याला लावायचं तेल बंद केलं. काही उपयोग नाही. हळूहळू त्यांचं जेवणही कमी झालं. शेवटी एका दुपारी सून कपड्यांच्या घड्या घालत होती, तिच्याजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "कुत्र्यांना माणसाचा आजार आधी कळतो म्हणतात. खरं का गं?"

सुनेच्या हातातली घडी तशीच राहिली. "बाबा, भलतंसलतं मनात आणू नका. तुम्ही त्याला जवळ कसं घेता, ते दाखवा बरं मला."

पैलवान तर येणार नव्हता. काकांनी उशी घेतली, हात टाकला, गाल टेकवला. आणि त्यांच्या कानातून बारीक, टोकदार शिट्टी निघाली.

"बाबा, ही शिट्टी!"

"कसली शिट्टी?"

"तुमच्या यंत्राची. कानाशी काही आलं की वाजते. तुम्हाला नाही येत ऐकू?"

"छे गं. तुम्हा सगळ्यांना येते?"

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या ओशाळून म्हणाल्या, "मला वाटलं, ते यंत्र असंच असतं. आणि तुम्ही एवढे खूश होतात, कशाला बोलायचं."

काका रागावले नाहीत. आपण आजारी नाही, एवढंच आधी त्यांच्या ध्यानात आलं आणि जीव भांड्यात पडला. मग त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं आणि बोळात जाऊन फरशीवर मांडी घातली. "मला काय माहीत रे," ते पैलवानाला म्हणाले. "मी समजूत घालतोय आणि तुझ्या कानात सुई खुपसतोय."

त्या दिवशी पैलवान आला नाही. दुसऱ्या दिवशी लांबूनच हुंगून गेला.

यंत्रवाल्याने तपासून सांगितलं की कानात बसणारा भाग सैल होता, आणि इतका टोकदार आवाज काकांच्या कानाला यंत्र लावूनही येत नव्हता. कानाचा साचा घेऊन त्याने नवा बनवून दिला. शिट्टी पुष्कळ कमी झाली, पण अगदी चिकटून बसलं की अजून चुकून वाजायची. त्यावर काकांनीच तोड काढली. मिक्सर लावायच्या आधी काकू खोलीत येऊन सांगतात, काका यंत्र काढतात, बोळाकडे तोंड करून खाली बसतात, आणि मग काकू बटण दाबतात. काकूंना उशीर होतो, त्या कुरकुरतात, पण सांगायला येतात.

बरेच दिवस पैलवान नुसता दारापर्यंत यायचा. एकदा मिक्सर सुरू झाला आणि तो पोट फरशीला घासत, थांबत थांबत पुढे सरकला. काकांचा रिकामा कान त्याने नीट हुंगला आणि सगळं ओझं त्यांच्या मांडीवर टाकलं. मिक्सर केव्हाच बंद झाला. काकांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, तरी ते हलले नाहीत.