रातीला मेंढरं कुणाच्या रानात?

दौंडला डेमू उशिरा येणार होती, म्हणून फलाटावर बसून मी आप्पांना एक कविता समजावून सांगायला घेतली. बी.एड.ला पुण्याला निघाले होते, अंगात तेवढा तोरा होताच. इंग्रजी कवितेतला मेंढपाळ हिरव्या डोंगरावर दिवसभर गातो आणि त्याच्याइतकं सुखी कुणी नसतं. माझ्या वडिलांनी सगळं तरुणपण मेंढरांमागे शिरूर ते कोकण चालत काढलेलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "रातीला मेंढरं कुणाच्या रानात बसवतो ह्यो?"

आम्हा मेंढपाळांत हा पहिला प्रश्न. मेंढरं रात्री शेतकऱ्याच्या रानात बसवायची, त्याला खत, आपल्याला धान्य. पण जागा आधी ठरलेली नसेल तर हाकलून देतात. शेजारच्या बाकावरच्या दोघी हसल्या. मी म्हणाले, "आप्पा, कविता आहे ती. असलं काही विचारू नका." गाडी आल्यावर त्यांनी बॅग चढवून दिली. मला त्यांची लाज वाटली होती, हे आज लिहूनच टाकते.

पुण्यात गावाकडचे 'हाय' आणि 'न्हाई' मी हॉस्टेलच्या दारातच सोडले. पाठाचं टाचण, उद्दिष्टं, पीपीटी, सगळं शिकले. आमचे मार्गदर्शक सर सांगायचे, कविता दहा मिनिटांत उरका, पोरांना इंटरव्ह्यूपुरतं इंग्रजी द्या.

सराव पाठासाठी मला सणसवाडीची शाळा मिळाली. कंपन्यांत कामाला आलेल्यांची मुलं, वर्गात चार भाषा. नेमकी तीच कविता वाट्याला आली. 'मेंढपाळ सुखी का आहे?' या प्रश्नावर कुणी तोंड उघडेना. सर मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले. घाबरून मी टाचण सोडलं आणि आप्पांचा प्रश्न इंग्रजीत विचारला. बिहारहून आलेली, महिनाभर तोंड न उघडलेली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, ही आल्सो रूम रेंट पे?" मग वर्ग थांबेना. मालक कोण, पाऊस आला तर कुठे जातो, हाकललं तर काय करतो? मोडकंतोडकं का होईना, सगळं इंग्रजीत.

सरांनी शेरा लिहिला, 'विषयांतर. पाठ पुन्हा घ्यावा.' मी पुन्हा घेतला, मुकाट्याने, टाचणाप्रमाणे. त्या वेळी पास व्हायचं होतं. ती मुलगी त्या तासाला काही बोलली नाही. संध्याकाळी आप्पांना फोन करून सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "आन् माझ्या प्रश्नाचं काय उत्तर दिलं पोरांनी?" मला रडू आलं.

गावाकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, आता मीच शिक्षक घडवते. पुण्यात फ्लॅट आहे, दारावर नावाची पाटी आहे. यंदा आमच्या कॉलेजात साहित्याचे तास काढून तिथे स्पोकन इंग्लिश घालायचं ठरलं. प्राचार्य भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, ही खेड्यातली मुलं. साहित्य त्यांना झेपत नाही. नोकरी लागू दे आधी."

नोकरी लागायलाच हवी, मी कुठे नाही म्हणते? पण गोष्टी, कविता शहरातल्या पोरांना आणि आमच्या पोरांना फक्त 'हॅलो, थँक्यू, हाऊ मे आय हेल्प यू', ही वाटणी कुणी केली? ज्या शिक्षकाने स्वतः कधी कवितेला उलट प्रश्न विचारला नाही, तो पोरांना काय बोलतं करणार? सभेत हे सगळं बोलले आणि ठरावाखाली सही केली नाही. तास गेलेच. हजेरी नाही, गुण नाहीत, हवं तर शनिवारी दुपारी घ्या, असं सांगितलं गेलं. पहिल्या शनिवारी तिघी आल्या. आता वीसेक जण येतात, एक मुलगा पाटसहून एसटीने.

गावी गेले की लोक विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं, हे का ते? गावात मी पाहुणी आहे आणि सोसायटीत 'गावाकडच्या मॅडम'. खरं सांगायचं तर जिथे आमच्या माणसाच्या प्रश्नाला कुणी विषयांतर म्हणत नाही, तेवढंच माझं घर. सध्या ते शनिवारी दोन ते चार, खोली नंबर सातमध्ये असतं. उद्या खोलीला कुलूप लावलं, तर व्हरांड्यात बसू.