पॉईंट दाखवणारा आज्जा

मुरुम गावात चन्नम्माची पिठाची गिरणी सगळ्यांना माहीत होती. तिला आवाज ऐकू येतात, हे मात्र तिच्या नवऱ्याशिवाय एकट्या नंदीशला ठाऊक होतं. सरकारी दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेत दोघांची गाठ पडली होती. तेव्हापासून नंदीश गिरणीत येऊन बसायचा. त्याच्या कानातला आवाज चढला की ती विचारायची, "काय म्हणतंय रं?" तो सांगायचा, ती ऐकायची. तेवढ्यानंही पोरगं दोन घास खाऊ लागलं होतं.

मग तो यायचाच बंद झाला. एका गिऱ्हाईकानं सांगितलं, त्याच्या बापानं, बंडप्पानं, माळावर बोअरची गाडी आणलीय आणि पाणी कुठं लागेल तो पॉईंट नंदीश दाखवणार आहे. गिरणी तशीच टाकून चन्नम्मा निघाली.

मागच्या उन्हाळ्यात नंदीशच्या कानात मेलेला आज्जा कानडीत बोलला होता, लिंबाखाली पाणी आहे म्हणून. आणि लागलं की! गाव खूश, आज्ज्याला देवच मानू लागलं. पुढं त्याच आज्ज्यानं पोराची झोप उडवली, त्याला भर हायवेवर गाड्यांपुढं उभं केलं, ते सगळे सोयीनं विसरले. गोळ्यांनी आज्जा गप्प झाला, तर गोळ्याच बंद करा, असा बंडप्पाचा हिशेब. काय म्हणावं या अकलेला!

नंदीश माळावरच्या विहिरीपासून थोडा अलीकडं, तळहातावर नारळ घेऊन उन्हात उभा होता. ओठ हलत होते.

"त्याला आधी गोळी द्या, अण्णा."

"पॉईंट दावू द्या, चन्नक्का," बंडप्पा म्हणाला. "मग देतो."

ती नंदीशकडं वळली. "काय म्हणतंय रं?"

"हिरीत उतर म्हणतोय, काकू. तिथं आलास की सांगतो म्हणतोय."

नारळ खाली पडला. तो विहिरीकडं चालू लागला. चन्नम्मानं त्याचा दंड धरला, पण पोरगं तिच्यापेक्षा ताकदीचं. माणसं नुसती बघत होती. देवाच्या कामात हात कोण घालणार? आता बोललं, तर उद्यापासून दळण दुसऱ्या गिरणीत जाणार, हे तिला कळत होतं.

"मलाबी ऐकू येतं!" ती ओरडली. "आत्ताबी येतंय. बंडप्पाच्या डोक्यात धोंडा घाल म्हणतंय. ऐकू का त्येचं? सांगा, अण्णा, घालू?"

बंडप्पा मागं सरला.

"मग पोरानं का ऐकावं?"

बंडप्पाचं तोंड उतरलं. तो धावत आला, पोराला कवेत घेतलं आणि रडायलाच लागला. मग खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं.

गोळी पोटात गेली तरी आज्जा लगेच गप्प होणार नव्हता. म्हणून चन्नम्मा नंदीशजवळ बांधावर बसून राहिली. बोअरची गाडी निघून गेली. बायामाणसं तिच्यापासून लांबूनच वळून घरी चालली.

"काकू, तुमचं काय म्हणतंय आता?"

"उद्या गिरणीत कुणी येणार न्हाय म्हणतंय."

"खोटं बोलतंय न्हवं?"

चन्नम्मानं जाणाऱ्या माणसांकडं पाहिलं.

"ह्या बारीला खरं बोलत आसंल," ती म्हणाली. "तू ये."